कंट्रोल-सी दाबलं आणि पट्टीच गेली

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो की सांगलीत अजून डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या सिस्टिमवर, हिशोब ठेवणाऱ्या पेढ्या आहेत. त्यावर पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच दुखण्याची: जुन्या काळ्या पडद्यावरचा मजकूर उचलायचा कसा आणि दुसरीकडे ठेवायचा कसा? म्हणून या वेळचं पान त्यालाच दिलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, मशीनवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

प्रश्न : मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशोब, करायचा प्रोग्राम डॉसमधला, जुना. मालकांच्या मुलानं तो नव्या कॉम्प्युटरवर बसवून दिला, एका काळ्या चौकटीत तो झकास चालतो. पण शेतकरी आता पट्टी व्हॉट्सअॅपवर मागतात. मी कंट्रोल-सी दाबतो आणि अख्खा प्रोग्राम बंद पडतो. सौद्याच्या दिवशी दोनदा झालं, दुसऱ्यांदा अर्धी भरलेली पट्टी गेली. – एक दिवाणजी, सांगली

उत्तर : दिवाणजी, पट्टी गेल्याचं वाईट वाटलं. हळदीचा सौदा चालू असताना दारात टेम्पो उभे असतात, तेव्हा काय होतं ते मी बघितलंय.

एकाच कळेवर दोघांनी हक्क सांगितलाय, त्यातून हे झालं. डॉस आला १९८१ मध्ये. त्याच्या आधीच्या सीपी/एम या सिस्टिमपासूनच कंट्रोल-सीचा अर्थ ठरून गेला होता: चाललंय ते थांबव. कॉपीचा ‘सी’ दुसऱ्याच घराण्यातला. अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात जिप्सी नावाचा एडिटर केला, त्यात मजकूर कापून दुसरीकडे चिकटवायची रीत बसवली. टेस्लर पुढे अॅपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा मशीनवर ती रीत आली आणि झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा तिथून विंडोजपर्यंत पोचल्या. तोवर डॉसच्या घरात ‘सी’ची सोयरीक झालेली होती. तुमचा प्रोग्राम त्या जुन्या घरचा, त्यामुळे त्यानं आपल्या परीनं तुमचं ऐकलं आणि थांबला.

आता उपाय. चौकटीच्या अगदी वरच्या पट्टीवर डॉसबॉक्स असं नाव दिसतंय का बघा; नव्या मशीनवर जुन्या डॉसचं सोंग घेणारा तो प्रोग्राम. मशीन नवं म्हणताय म्हणजे विंडोज ६४ बिटची असणार. ६४ बिटची विंडोज डॉसचे प्रोग्राम स्वतः चालवतच नाही, त्यामुळे मुलानं डॉसबॉक्सच घातला असेल. साध्या डॉसबॉक्सात कॉपी-पेस्टची सोय नाही. त्याचाच एक भाऊ आहे, डॉसबॉक्स-एक्स. त्यात क्लिपबोर्डची, म्हणजे उचललेला मजकूर चिकटवेपर्यंत धरून ठेवायच्या जागेची, सोय आहे, शिवाय प्रिंटरकडे निघालेली छपाई फाइलमध्ये वळवता येते. मुलाला तेवढं बदलून द्यायला सांगा. प्रोग्राम आणि डेटा आहे तसाच चालेल, पण आधी पेनड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर स्क्रीनवरून अक्षरं उचलायच्या भानगडीत पडलो नसतो, छपाईच फाइलमध्ये घेतली असती. स्क्रीनवर मावतात २५ ओळी. पट्टीत तोलाई, हमाली, अडत, आगाऊ उचल असं सगळं धरलं की ती त्याखाली जाते, म्हणजे दोनदा उचला आणि जोडा. जोडताना एखादी ओळ दोनदा आली तर शेतकऱ्याच्या नावावर हमाली दोनदा लागली असं दिसायचं, आणि मग त्याला समजावत बसा.

मशीन जुनंच असेल, विंडोज ३२ बिटची असेल, तर सोपं आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीवर उजवं बटण दाबा, एडिट, मग मार्क. हवा तेवढा चौकोन माउसनं ओढा आणि एंटर दाबा. एंटर म्हणजेच कॉपी. हे करताना प्रोग्राम जागच्या जागी थांबलेला असतो, बंद पडलेला नसतो. घाबरून काही दाबू नका.

व्हॉट्सअॅपवर चिकटवल्यावर दुसरी तक्रार येणार, ती आत्ताच सांगून ठेवतो. आकडे एकाखाली एक राहणार नाहीत. डॉसच्या पडद्यावर ‘आय’ला आणि ‘डब्ल्यू’ला सारखीच जागा, मोबाइलवर तसं नसतं. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या, म्हणजे एस्केपच्या खाली असलेली ती तिरकी खूण, तीनदा. व्हॉट्सअॅप तेवढा मजकूर सारख्या रुंदीत दाखवतं आणि रकाने बऱ्यापैकी जागेवर येतात. ओळ लांब असली तर मोबाइलवर मोडेल, ते टळणार नाही. आणि एवढं सगळं ज्यांना नको असेल त्यांनी सरळ पडद्याचा फोटो काढून पाठवावा. मी तर वीज बिलाचाही फोटोच पाठवतो.

प्रश्न : काका, मी विश्रामबागेत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात डॉसमध्ये क्लिपबोर्ड नव्हता. माझा मामा १९९० च्या दशकात प्रोग्रामिंग करायचा, तो म्हणतो होता, त्यानं वापरलाय. दोघंही ठाम आहेत. – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : बाळा, सरांना दुखवू नकोस आणि मामालाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टीला क्लिपबोर्ड म्हणतायत.

डॉस म्हणजे एका खोलीचं घर आणि एका वेळी एकच भाडेकरू. मजकूर लिहायचा वर्डस्टार आत आला की तो ६४० के मेमरीतली हवी तेवढी जागा घेणार. तो गेला की खोली रिकामी, आणि मग आकडेमोडीचा लोटस येणार. वर्डस्टारनं लोटससाठी काही हातात धरून ठेवायचं तर ठेवणार कुठं? घरात तिसरं माणूसच नाही. विंडोजमध्ये दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी नांदतात आणि त्यांच्या मधे सिस्टिम बसलेली असते, ती म्हणते, दे इकडं, मी सांभाळते. ही मधली व्यक्ती डॉसमध्ये नव्हती. सर बरोबर.

पण प्रत्येक भाडेकरूचा स्वतःचा खिसा असायचा. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के-बी म्हणजे इथून सुरू, कंट्रोल-के-के म्हणजे इथं संपलं, मग कर्सर हव्या त्या जागी न्या आणि कंट्रोल-के-सी दाबा, कॉपी. हलवायचं असेल तर के-व्ही, पुसायचं असेल तर के-वाय. माझी बोटं अजून हे विसरलेली नाहीत. १९८९ ते ९३ मी राजवाडा चौकाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात कोर्टाची कागदपत्रं टाइप करायचो. प्रतिज्ञापत्राचा मायना प्रत्येक वेळी तोच. तो ब्लॉक करून कंट्रोल-के-डब्ल्यू मारायचा, म्हणजे निवडलेला तुकडा वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. नव्या कागदात कंट्रोल-के-आर, फाइलचं नाव, की मायना हजर. आमचा क्लिपबोर्ड म्हणजे फ्लॉपीवरची ही फाइल. कोनाड्यात ठेवलेल्या चिठ्ठीसारखी: भाडेकरू बदलला तरी चिठ्ठी तिथंच. आजचा क्लिपबोर्ड वीज गेली की कोरा होतो, आमची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळीही असायची. तोटाही तोच. एकदा मायन्यातलं आधीच्या पक्षकाराचं नाव बदलायचं राहिलं आणि मिरजेच्या एका गृहस्थांनी कवठेमहांकाळच्या बाईंच्या नावानं शपथ घेतली. सही करताना त्यांच्याच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशीचे पैसे मालकांनी माझ्याकडून कापले, ते बरोबरच होतं.

आता मामाची बाजू. त्यानं वापरलं असेल ते दोनपैकी एक. पहिलं म्हणजे मेमरीत दडून बसणारे छोटे प्रोग्राम. काम संपल्यावर ते जागा सोडत नसत, कोपऱ्यात बसून कळांवर कान ठेवत. बोरलँडचं साइडकिक, १९८४ चं, त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं. कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबलं की चालू प्रोग्रामवर त्याची वही उघडायची आणि मागच्या पडद्यावरचा मजकूर त्या वहीत ओढता यायचा.

हे चालायचं कसं ते तुला सांगतो, कारण आजच्या अभ्यासक्रमात एवढं उघडं मशीन तुला कुणी दाखवणार नाही. रंगीत पडद्यावरचा मजकूर मेमरीत बी८०० या ठिकाणी पडलेला असायचा. ८० रकाने, २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरं. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. झाले ४,०००. कुणाची परवानगी नको, थेट तिथून वाचायचं. झाली कॉपी. पेस्ट अवघड. दुसऱ्या प्रोग्रामला मजकूर द्यायचा तर जणू माणूसच टाइप करतोय असं भासवायला लागायचं, म्हणजे अक्षरं कीबोर्डच्या बफरमध्ये, दाबलेल्या कळा रांगेत थांबतात त्या जागेत, सोडायची. तो बफर १६ घरांचा, आणि भरलंय की रिकामं हे ओळखायला एक घर मोकळं ठेवावं लागतं, म्हणून कामाला येतात १५. पंधरा अक्षरं सोडा, प्रोग्रामनं ती उचलेपर्यंत थांबा, पुढची पंधरा सोडा. मशीन गुंतलेलं असताना कुणी भराभर टाइप केलं की सोळाव्या कळेला पीं असा आवाज यायचा, तो हाच बफर भरल्याचा. शिवाय डॉस स्वतः काही करत असेल तर मधेच त्याला दुसरं काम सांगायची सोय नाही, तो गोंधळतो. म्हणून डॉस आत्ता कामात आहे का, हे सांगणारा एक झेंडा आधी बघायचा आणि मगच फाइलला हात लावायचा.

मीही टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत असला एक प्रोग्राम लिहायला घेतला होता, १९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत. पडद्यावरचा सगळा मजकूर उचलून फाइलमध्ये टाकायचा, एवढंच. चालला. फाइल ४,००० बाइटची भरली, मी खूश. बघावं म्हणून टाइप आज्ञेनं ती पडद्यावर आणली आणि मशीन ओरडत सुटलं. बीप, बीप, बीप, थांबेचना. रंगाचा बाइट टाळायला मी विसरलो होतो. काळ्यावर राखाडी, हा डॉसचा नेहमीचा रंग, त्याचा आकडा ७. आणि अक्षरांच्या यादीत ७ म्हणजे घंटा. दर अक्षरामागे एक घंटा, एकूण दोन हजार. वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई आरतीचं ताट हातात घेऊन खाली आल्या. मी कंट्रोल-सी दाबलं. दिवाणजींना आवडणार नाही, पण त्या दिवशी त्या कळेचे मी उपकार मानले.

दुसरी शक्यता, मामा विंडोज ३.१ मधून डॉसचा प्रोग्राम उघडत असेल. १९९२ ची ती विंडोज, डॉसच्याच डोक्यावर बसलेली. तिच्या चौकटीत चालणाऱ्या डॉस प्रोग्रामला विंडोजचा खराखुरा क्लिपबोर्ड वापरता यायचा. इंटरप्ट म्हणजे सिस्टिमला काम सांगायची हाक. इथली हाक २एफ, आणि आकडे १७०० पासून पुढं: क्लिपबोर्ड आहे का विचार, उघड, रिकामा कर, माल ठेव, किती माल आहे ते बघ, उचल, बंद कर. आपल्या प्रोग्रामात एवढं लिहिलं की झालं. फार थोड्यांनी लिहिलं. मामाला विचार, त्यानं १७०० लिहिलंय का. हो म्हणाला तर त्याला माझा नमस्कार सांग.

प्रश्न : वाईला असतो, निवृत्त शिक्षक. १९९३-९४ साली पुण्याहून आणलेल्या जिस्ट कार्डावर (कॉम्प्युटरमध्ये बसवायचं मराठीचं कार्ड) मी मराठीत बरंच लिहिलं. पुतण्यानं त्या फ्लॉप्या नव्या मशीनवर उतरवल्या. फाइल उघडते, पण रेघा, चौकटी आणि ग्रीक अक्षरं दिसतात. कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केलं तर आणखीच विचित्र. कॉपी करताना आमचं काही चुकतं का? – एक वाचक, वाई

उत्तर : सर, कॉपीचा दोष नाही. फ्लॉपीवरून अजून फाइल वाचली गेली हेच मोठं नशीब. माझ्या स्वतःच्या फ्लॉप्या २०१९ च्या महापुरात कपाटाच्या खालच्या खणात होत्या. त्यांचं काय झालं ते सांगायला नको.

जिस्ट कार्ड सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं. त्यावर मराठी साठवली जायची ती इस्की नावाच्या संकेतात, जो पुढं १९९१ साली भारतीय मानक म्हणूनही ठरला. इंग्रजी अक्षरं खालच्या १२८ आकड्यांत, देवनागरी वरच्या अर्ध्यात. पण कार्ड नसलेल्या साध्या डॉस मशीनवर त्याच वरच्या आकड्यांना रेघा, चौकटी आणि ग्रीक अक्षरं नेमून दिलेली आहेत. तुम्हाला दिसतात ती तीच. तुमचा ‘क’ फाइलमध्ये शाबूत आहे, पडदा त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारतोय. आणि तुम्ही पडद्यावरून कॉपी केलंत की क्लिपबोर्डवर ती चुकीची हाकच जाते. वर्ड मग तिचा स्वतःच्या परीनं आणखी अर्थ लावतो. म्हणजे पडद्यावरून उचलाल तेवढं मूळ अक्षर दूर जाणार.

म्हणून पेस्ट करणं थांबवा आणि फाइल आहे तशी रूपांतरात घाला. पुतण्या किंवा त्याचा एखादा प्रोग्रामिंग करणारा मित्र असेल तर त्याला एवढंच सांगा: विंडोजला देवनागरी इस्की ठाऊक आहे, कोडपेज ५७००२, तिथून युनिकोडला ने. पाच-दहा ओळींचं काम आहे. जिस्टच्या जोडीला असलेल्या शब्दसंस्कारकात लिहिलं असेल तर फाइलमध्ये ठळक, अधोरेखित अशा खुणाही मिसळलेल्या असतील, त्या मधेमधे कचऱ्यासारख्या दिसतील, हातानं काढा. आधी एकाच लहान फाइलवर करून बघा. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका, नोटपॅडमध्ये उघडून ‘बघतो जरा’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, त्यांना मग कुणीच वाचवू शकत नाही.

त्याच फ्लॉप्यांवर वर्डस्टारमधली इंग्रजी पत्रं निघाली आणि प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर तेवढं विचित्र दिसलं, तर ते वेगळं प्रकरण. ओळ बसवायला सोयीचं पडावं म्हणून जुना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट लावून, म्हणजे त्याच्या आकड्यात १२८ मिळवून, ठेवायचा. तो बिट उतरवला की पत्र वाचता येतं. ही युक्ती मराठी फाइलवर मात्र करू नका. तिथं आठवा बिट म्हणजेच मराठी आहे.

प्रश्न : कराडला आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनं मशीन डॉस ५ वर चालतं. तीच लांबलचक आज्ञा दिवसातून वीस वेळा टाइप करतो. कॉपी करता येईल का? – एक वाचक, कराड

उत्तर : एफ-थ्री दाबा. मागची आज्ञा पूर्ण परत येते. एफ-वननं तीच एकेक अक्षर येते, मधलं एखादं बदलायचं असेल तर हे बरं. त्याहून मागची हवी असेल तर मशीन सुरू झाल्यावर एकदा डॉसकी असं टाइप करा, मग वरच्या बाणानं एकेक मागं जाता येतं. डॉसकी डॉस ५ पासूनच आलं, म्हणजे तुमच्याकडं आहे. आणि आज्ञा खरोखर वीस वेळा तीच असेल तर एका बॅच फाइलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून ठेवायच्या फाइलमध्ये, घालून तिला एका अक्षराचं नाव द्या. वीस वर्षांपूर्वीच कुणीतरी हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितेय. दुकानात अजून डॉस आहे. दोन यादीच्या फाइली एकाखाली एक जोडायच्या आहेत. डॉसच्या एडिट या लिहायच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : एडिटमध्ये शिफ्ट धरून बाणांनी मजकूर रंगवा. कंट्रोल-इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट-डिलीट म्हणजे कट. आयबीएमनं १९८७ मध्ये ठरवलेल्या कळा आहेत या, आणि गंमत म्हणजे आजच्या विंडोजमध्येही चालतात, करून बघा.

पण तुमच्या कामाला एडिट उघडायचीही गरज नाही. कॉपी, पहिली फाइल, अधिकचं चिन्ह, दुसरी फाइल, मग जागा सोडून तिसरं नवं नाव. एंटर. तिसऱ्या नावाची फाइल आधीपासून नाही ना, तेवढं डिर (फाइलींची यादी) करून बघून घ्या. डॉस ६.२ पासून पुढं तो ‘जुनी पुसू का?’ असं विचारतो. त्याच्या आधीचा विचारत नाही.